आयत्या बिळाचे कर्ते

१९३० साली सालिम अली अलिबाग तालुक्यातील किहीमला येऊन राहिले, ते काही संशोधनाची मोहीम आखून नव्हे. जर्मनीहून शिकून परतल्यावर मुंबईत नोकरी उरली नव्हती. किहीमच्या घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती आणि हाताशी वेळ होता. त्या घरट्यांकडे नेटाने पाहत राहून त्यांनी जो निबंध लिहिला तो १९३१ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मराठी वाचकाला त्यातील एक निरीक्षण आजही थोडे गोंधळात टाकते. घरटे विणतो तो नर. ते अर्धवट विणून तो थांबतो. मादी येऊन पाहणी करते, पसंत पडले तर ताबा घेते. मग नर उरलेले काम पुरे करतो आणि शेजारी दुसरे घरटे सुरू करतो.

बहिणाबाईंची खोप्यावरची कविता आम्ही दोघेही अनेक वर्षे शिकवीत आलो आहोत, आणि ही माहिती सांगितली की वर्गात हमखास हसू पसरते. ज्या भाषेने या पाखराला 'सुगरण' असे स्त्रीलिंगी नाव दिले, त्या भाषेची फजिती झाली असे विद्यार्थ्यांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. कवितेचे सत्य आणि पक्षिशास्त्राचे सत्य एकमेकांची उलटतपासणी घ्यायला बसलेले नसते. पण या निमित्ताने आणखी एक गोष्ट सांगायची राहून जाते, आणि हा लेख तिच्यासाठी आहे. सुगरणीची पिल्ले उडून गेली की ते घरटे रिकामे लोंबत राहते. त्यात मनोल्या येऊन राहतात. विणणाऱ्याने ते त्यांच्यासाठी विणलेले नसते. त्याला मनोली ठाऊकही नसते. तरीही त्याच्या विणण्यावाचून तिचा तो संसार उभा राहिला नसता.

अशा बिऱ्हाडकरूसाठी मराठीत एक वाक्प्रचार तयारच आहे: आयत्या बिळावर नागोबा. आपण तो माणसांना, तोही उपहासाने, लावतो. निसर्गात मात्र त्यात उपहास करण्यासारखे काही नाही, कारण तेथे बहुसंख्य जीव आयत्या बिळावरचेच नागोबा आहेत. खुद्द नाग वारूळ बांधत नाही. ते वाळवी बांधते. तरी नागपंचमीला पूजा होते ती नागाची, फार तर त्याच्या वास्तव्यामुळे पवित्र झालेल्या वारुळाची. वाळवीला आपण औषध मारतो. आमचे म्हणणे असे की आपल्या वन्यजीव-संरक्षणाची रीतही पुष्कळशी या नागपंचमीसारखी आहे. वाघ, रोहित, कासव, गिधाड यांच्यासाठी दिवस, महोत्सव, फलक. ज्यांनी बीळ केले त्यांची गणती नाही. उलट अनेकदा ते उपद्रवीच ठरतात.

शास्त्रात या कर्त्यांची दखल फार जुनी नाही. जोन्स, लॉटन आणि शाचाक या तिघांनी १९९४ मध्ये अशा जीवांना 'परिसंस्थेचे अभियंते' म्हटले: जे आपल्या देहाने किंवा आपल्या उद्योगाने भोवतालची माती, पाणी, लाकूड यांची रचनाच बदलतात आणि त्यामुळे इतरांना राहायला जागा होते. त्यांचे नेहमीचे उदाहरण म्हणजे ओढ्यावर लाकडांचे बांध घालून तळी निर्माण करणारा बीव्हर. ब्रिटनमधून माणसाने तो शिकार करून संपवला होता, आणि २००९ मध्ये स्कॉटलंडच्या नॅपडेल भागात मुद्दाम परत आणून सोडला, तो त्याच्या गोंडसपणासाठी नव्हे, त्याच्या बांधांसाठीही. 'अभियंता' हा शब्द आम्हांला रुचत नाही. त्यात आराखडा आहे, हेतू आहे, पगार आहे. आम्ही 'अधिवासकर्ता' म्हणू. बोलीभाषेत 'घर करून देणारा' एवढेही पुरते.

खरे तर आपल्या भाषेने ही दखल शास्त्राच्या पुष्कळ आधी घेतली होती, असे म्हणायला जागा आहे. पक्ष्यांची मराठी नावे पाहा: सुतार, तांबट, शिंपी. भाषेने रानात एक गावगाडाच वसवला आहे. यातला सुतार खोडात ढोली कोरतो, तांबट वठलेल्या फांदीत भोक पाडतो, आणि हे दोघे निघून गेल्यावर त्या ढोल्यांत मैना, पोपट, पिंगळे यांची बिऱ्हाडे पडतात. मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले फणसाड अभयारण्य (जंजिऱ्याच्या नवाबाचे हे शिकारीचे रान १९८६ मध्ये अभयारण्य झाले) पाहायला येणारा माणूस शेकरू कुठे दिसेल असे विचारतो. विचारावेच, तो राज्यप्राणी आहे. पण जंगलात वठलेले झाड उभे ठेवले आहे की 'साफसफाई'त तोडले आहे, हे कोणी विचारत नाही. वठलेले झाड गेले की सुतार गेला, सुतार गेला की ढोली गेली. पुढची यादी वाचकच करू शकेल.

पण आमचा जिल्हा मुख्यतः खाडीचा. धरमतर, रेवदंडा, राजपुरी, बाणकोट या खाड्यांनी रायगडचा किनारा जागोजाग आत ओढून घेतला आहे, आणि त्या काठांवर अधिवासकर्त्यांचे काम जितके उघड दिसते तितके अन्यत्र क्वचितच दिसत असेल. ओहोटीच्या वेळी खाजणाच्या कडेला उभे राहावे. तिवराच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली बोटभर जाडीची श्वसनमुळे शेकड्यांनी दिसतात. कांदळाची मुळे कमानीसारखी खोडातून खाली उतरलेली असतात. या मुळांत भरतीच्या पाण्याचा वेग मोडतो. वेग मोडला की पाण्यातला गाळ खाली बसतो, आणि गाळ बसत गेला की तेथे जमीन तयार होते. म्हणजे तिवर जमिनीवर उगवते एवढे सांगून भागत नाही. ते आपल्या पायांखालची जमीन जमवीत उगवते. मुळांना कालवे चिकटतात, आणि त्यांच्या खडबडीत शिंपल्यांच्या फटींत आणखी लहान जीव दडतात. घराच्या भिंतीवर घर. कोळंबीची आणि जिताड्याची पिल्ले या निमखाऱ्या पाण्यात वाढतात. निवटी चिखलावर सरपटते, चिंबोरी बिळात शिरते, आणि या साऱ्यांच्या आशेने बगळे आणि खंड्या वर बसलेले असतात.

या वस्तीतला सर्वांत दुर्लक्षित कारागीर म्हणजे लहान खेकडा, बाजारात ज्याला किंमत नाही तो. तो बीळ खणतो, गळालेली पाने ओढून आत नेतो. त्याच्या बिळांतून चिखलाच्या पोटात हवा जाते, भरतीचे पाणी खेळते. ऑस्ट्रेलियात खारफुटीच्या काही तुकड्यांतून खेकडे काढून टाकण्याचा एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. खेकडे नसलेल्या चिखलात मुळांना बाधणारी सल्फाइडे वाढली आणि झाडांची वाढ मंदावली. म्हणजे ज्याला तिवराने घर दिले, तोच तिवराच्या घराची डागडुजी करीत होता. येथे नागोबा कोण आणि बीळ कोणाचे, हे सांगणे अवघड होते. आमच्या लाडक्या वाक्प्रचाराची मर्यादा या खेकड्याने दाखवून दिली, ती आम्ही मान्य करतो.

आता कायद्याकडे. खारफुटीच्या बाबतीत महाराष्ट्राने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभरातील खारफुटीच्या तोडीला मनाई केली. २०१२ मध्ये वनविभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. सप्टेंबर २०१८ च्या निकालात न्यायालयाने खारफुटीचा नाश हा जगण्याच्या मूलभूत हक्काला बाधा आणणारा ठरवला आणि तिच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखायला सांगितला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी ही राज्याची कांदळवृक्ष म्हणून घोषित झाली. २०२१ च्या वनस्थिती अहवालात राज्याचे खारफुटीक्षेत्र ३२४ चौरस किलोमीटर दाखवले आहे आणि त्यात रायगडचा वाटा मोठा आहे. एका दुर्लक्षित, 'चिखलातल्या' झाडाच्या वाट्याला हे सारे वीस वर्षांत आले. आम्ही शिकत होतो तेव्हा खाजण म्हणजे भराव घालण्याची जागा, एवढाच अर्थ शहरी कानाला ठाऊक होता.

तरीही आमचा आक्षेप उरतोच. कायद्याने झाड ओळखले, झाडाचे काम अजून पुरते ओळखलेले नाही. कुऱ्हाड चालली तर पंचनामा होतो. पण जवळ भराव पडला, नाल्याचे तोंड बुजले, भरतीचे पाणी आत येईना, तर तिवरे उभ्याउभ्या वाळतात आणि पंचनाम्यात लिहायला कुऱ्हाड सापडत नाही. उरणच्या परिसरातून अशा तक्रारी गेल्या दशकात पुनःपुन्हा आल्या आहेत. तिवराचे अर्धे शरीर पाण्याच्या येण्याजाण्यात आहे; ते येणेजाणे तोडले की झाड तोडल्याप्रमाणेच होते. फरक एवढाच की ते तोडणे दिसत नाही.

काम ओळखणारा एक निर्णय मात्र याच उरणच्या संदर्भात झाला आहे, आणि त्याची चर्चा साहित्याच्या वर्तुळात तर सोडाच, इतरत्रही पुरेशी झाली नाही. २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने बंदराच्या विस्तारामुळे आणि खारफुटीच्या नाशामुळे उपजीविका गमावलेल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, त्याच्या तपशिलात येथे शिरत नाही. आम्हांला महत्त्वाची वाटते ती त्यामागची विचाराची दिशा. किती झाडे गेली एवढ्यावर हिशेब थांबला नाही. त्या झाडांमुळे जे वाढत होते आणि त्या वाढण्यावर ज्यांचे चालत होते, तेथवर तो गेला.

याच्या नेमके उलट उदाहरण म्हणजे रोपे लावण्याचा उत्साह. एका ठिकाणची खारफुटी प्रकल्पात जाणार असेल तर दुसरीकडे तितकीच, किंवा तिप्पट, रोपे लावू असे सांगितले जाते, आणि आकडा पाहून सगळ्यांचे समाधान होते. ती रोपे बऱ्याचदा खाडीच्या उघड्या चिखलपट्ट्यावर लावली जातात, कारण ती जागा 'रिकामी' दिसते. पण तो चिखलपट्टा रिकामा नसतो. हिवाळ्यात दुरून येणारे तुतवार, चिखले आणि रोहित यांचे ते ताट असते. तेथे झाडी माजली की त्यांना उतरायला जागा राहत नाही. घर करणे म्हणजे कधीकधी दुसऱ्याचे घर उठवणेही असते, हे अधिवासकर्त्यांविषयी बोलताना विसरता येत नाही.

सुरूची गोष्ट अशीच. किहीमपासून काशीदपर्यंत, पुढे दिवेआगरपर्यंत, सुरूची बने आता इतकी अंगवळणी पडली आहेत की कोकणच्या किनाऱ्याचे चित्र त्यांच्यावाचून पुरे होत नाही. पण सुरू येथला नव्हे. तो लावलेला आहे. त्याच्याखाली सुयांसारख्या काड्यांचा जाड थर साचतो आणि त्यात दुसरे फारसे काही रुजत नाही. वाळू धरून ठेवण्याचे काम पूर्वी एक वेल करीत होती. ती जमिनीसरपट पसरते, गाठीगाठीला मूळ धरते, उडत्या वाळूला अडवते आणि हळूहळू वाळूची टेकडी उभी करते. जांभळ्या फुलांची ही वेल मराठीत 'मर्यादवेल' म्हणून ओळखली जाते. समुद्राची मर्यादा जेथे संपते तेथे ही उगवते म्हणून, की ही उगवते तेथे समुद्राला मर्यादा पडते म्हणून? व्युत्पत्तीचा निकाल देण्याचा मोह आम्ही आवरतो. पण ज्यांनी हे नाव ठेवले त्यांना या वेलीचे काम दिसले होते, यात आम्हांला शंका नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूडच्या नारळी-पोफळीच्या वाड्या झोपल्या, सुरूही उन्मळून पडले. नंतर हळहळ झाली ती वाड्यांची, आणि ती रास्तच होती. माणसांची पोटे त्यांवर होती. पण बनाच्या जागी पुन्हा बनच लावायचे की वाळूच्या टेकड्या आणि मर्यादवेल यांना जागा द्यायची, हा प्रश्न त्या हळहळीत कोणी विचारल्याचे आमच्या कानी आले नाही. हरिहरेश्वर, मारळ, दिवेआगरला कासवे अंडी घालायला येतात. बाणकोट खाडीपलीकडच्या वेळासप्रमाणे येथेही अंडी राखण्याचे चांगले काम होते. अंडी मात्र वाळूत राहतात, आणि वाळू कोणीतरी धरून ठेवावी लागते.

येथवरचा युक्तिवाद आम्हांला सोपा गेला. पुढचा जात नाही, आणि तो टाळला तर हा लेख लिहिण्यात काही प्रामाणिकपणा उरणार नाही.

पेण-अलिबागच्या खारपट्ट्यातील भातजमीन ही मुळात खाजणच होती. पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी मातीचे बांध घालून, उघाड्या बसवून, समुद्राचे पाणी बाहेर ठेवून ती पिकाऊ केली. कुलाबा जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये खाजण बांधून काढणाऱ्या शिलोत्री पद्धतीची नोंद आहे. १९३३ ते १९३९ असा चाललेला चरीचा शेतकरी संप याच पट्ट्यातला. ही जमीन माणसांना किती मोलाची होती हे त्यावरून कळावे. १९४८ मध्ये आणि पुन्हा १९७९ मध्ये खारजमिनींसाठी कायदे झाले, बांधांची व्यवस्था गावकीच्या हातून सरकारकडे सरकत गेली. गावकीचा हात सुटला, दुसरा हात सगळीकडे वेळेवर पोहोचला नाही. उधाणाला बांध फुटतो, खांड पडते, ती वेळेत बुजवली जात नाही, भरती शेतात येते. भाताची जमीन नासते. मग दोन-चार वर्षांत तिवराची रोपे दिसू लागतात. ती दिसली की ती जमीन खारफुटीची, आणि खारफुटीला हात लावायचा नाही. सातबाऱ्यावर भातशेती, शेतात तिवर, आणि शेतकरी बांधावर, जो बांधही आता उरलेला नाही.

आमच्या वर्गात या गावांतली मुले बसतात. खारफुटीच्या संरक्षणावर निबंध लिहायला सांगितला तर ती छापील पुस्तकातला निबंध लिहितात आणि घरी जाऊन आईवडिलांच्या तोंडून वेगळाच ऐकतात. त्यांच्यापुढे 'तिवर वाचवा' म्हणताना आमची जीभ अडखळते. न्यायालयाच्या आदेशात आम्हांला चूक दिसत नाही. तिवरही आपले कामच करीत आहे. पण अधिवासकर्त्यांच्या यादीतून माणसाला वगळण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? ज्याने चिखलातून शेत केले, ज्याच्या शेतात पावसाळ्यात बगळे उतरत, ज्याच्या तळ्यात जिताडा वाढे, तोही या किनाऱ्याला घडवणाऱ्यांपैकीच होता. त्याची जमीन तिवराला द्यायची असेल तर ती त्याच्याकडून घेतली आहे असे म्हणावे, तिचे मोल द्यावे आणि त्या नव्या रानाचा राखणदार म्हणून पहिला हक्क त्याला द्यावा. आणि जेथे बांध अजून तग धरून आहे तेथे तो वेळेवर दुरुस्त करावा. खांड बुजवण्यात दिरंगाई करायची आणि वर रुजलेल्या तिवराचे श्रेय संरक्षणाच्या खात्यावर मांडायचे, हे आम्हांला निसर्गप्रेम वाटत नाही. ही भूमिका पर्यावरणवाद्यांना मवाळ वाटेल, शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यांना अपुरी. तिच्याहून अधिक ठाम भूमिका आम्हांला घेता येत नाही, कारण दोन्ही बाजूंचे विद्यार्थी एकाच बाकावर बसलेले आम्ही पाहतो.

गेल्या वर्षी पेण तालुक्यातील एका विद्यार्थिनीला आम्ही निबंधाऐवजी यादी करायला सांगितली. त्यांच्या बुडालेल्या शेतात आता कोणकोण राहते? तिने वडिलांना विचारून पानभर नावे आणली: निवटी, चिंबोरी, बोय, खंड्या, दोन प्रकारचे बगळे, एक मुंगूस, आणि ज्याला घरात नावच नव्हते असा एक लाल नांगीचा खेकडा. खाली तिने लिहिले होते की वडील संध्याकाळी तेथे चिंबोऱ्यांसाठी फग लावतात, आणि जाताना अजूनही 'शेतावर जातो' असेच सांगून निघतात.